नॉर्माच्या माणसांत अकरा दिवस

शुक्रवार, २८ ऑक्टोबर २००५. ट्रॉय, मिशिगन. सकाळचे नऊ.
हजर: दादा. वहिनी, चाकांच्या खुर्चीत. मी. एकूण तीन.
विषय: लिहिण्याच्या टेबलाच्या डाव्या खणात सापडलेला पिवळा लिफाफा.

डायरीतली नोंद जशी आहे तशी उतरवली आहे. जिल्हा रुग्णालयाच्या औषध भांडारात माझी सत्तावीस वर्षं गेली. कोण हजर होतं आणि विषय काय होता हे आधी लिहिल्याशिवाय माझं पेन पुढे सरकत नाही. ही नोंद मात्र चुकीची आहे. कुठे चुकली ते ओघात येईल.

अमेरिकेहून परत आल्यावर लोक धबधब्याचे फोटो मागतात. माझ्याकडे ते नाहीत. चार महिन्यांतले साडेतीन मी दादाच्या घरात काढले आणि शेवटचे अकरा दिवस एका फिलिपिनो कुटुंबात. सांगण्यासारखं जे आहे ते त्या अकरा दिवसांतलं आहे. नावं बदलली आहेत, पण दादा हे वाचेल आणि ओळखेल. ओळखावं.

दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. डॉक्टर होऊन सदतीस वर्षांपूर्वी तिकडे गेला, आता निवृत्त आहे. २००१ च्या जानेवारीत वहिनीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि इंग्रजी गेलं. तीस वर्षं त्या देशात दुकानं, बँका, शाळा सांभाळलेली बाई शुद्धीवर आली ती माहेरचं मराठी तेवढं घेऊन. तेव्हापासून तिचं सगळं नॉर्मा करते. उचलणं, धुणं-पुसणं, भरवणं, फिरवणं. नॉर्मा छप्पन्न वर्षांची, फिलिपिन्सची, वहिनीच्या दुखण्याच्या वर्षभर आधी घरकामाला आलेली. मी मदतीला म्हणून रजा काढून गेले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मदतीची जागा भरलेली आहे. मग मी दादाचे खण आवरायला घेतले.

लिफाफ्यात वकिलाने भरून दिलेला अर्ज होता, नॉर्माच्या नावाचा. मालक म्हणून दादाने सही करायची जागा पेन्सिलीने गोल करून दाखवलेली. वर चिठ्ठी: एप्रिलअखेरच्या आत परत पाठवा. साल २००१. नॉर्माचा व्हिसा केव्हाच संपला होता. त्या वर्षीच्या एप्रिलअखेरपर्यंत मालकाने अर्ज केला, तर अशा माणसालाही देश न सोडता कायमचा कागद मिळण्याची वाट उघडी राहत होती. अर्ज गेला नाही, वाट बंद झाली. आता ती आईला भेटायला एकदा बाहेर पडली की परत येणं नाही. आणि नॉर्मा समजत होती की अर्ज गेलेला आहे, वर्षानुवर्षं लागतात, सगळ्यांनाच लागतात. आई अठ्ठ्याऐंशीची. नॉर्माने तिला पाहून नऊ वर्षं झाली होती.

"दादा, हे काय आहे?"

"राहून गेलं."

"साडेचार वर्षं?"

"शैला, त्या वर्षी हिचं हे असं झालेलं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं."

"एक सही आणि एक लिफाफा. त्याला डोकं लागत नाही."

दादाने टोस्टला लोणी लावलं. अगदी कडेपर्यंत लावलं. मग म्हणाला, "कागद हातात आला की दोन महिन्यांत ती हॉस्पिटलात नोकरीला लागली असती. इथल्या सगळ्या तेच करतात. मग हिला कोणी उचललं असतं? तू येऊन राहणार होतीस?"

"ती आईला सांगते, कागद येतोय."

"येतोय असं मी कधीच म्हटलं नाही. प्रोसेस चालू आहे म्हटलं."

"आज तिला सांग. तू नाहीतर मी सांगते."

"बघू," दादा म्हणाला. आमच्या घरात 'नाही' या शब्दाला गेली पन्नास वर्षं 'बघू' म्हणतात.

हे सगळं खणखणीत आवाजात चाललं होतं. मध्येच नॉर्मा आली, वहिनीच्या गळ्याशी रुमाल खोचला, माझ्यापुढे चहा ठेवला, "मॅम, गार होईल," असं इंग्रजीत म्हणाली आणि आत गेली. आम्ही आवाज खाली आणला नाही. तिकडच्या मराठी माणसाची ही सवय आहे. लिफ्टमध्ये शेजारी उभ्या माणसाच्या पोटाविषयी, दुकानात समोरच्या पोरीच्या केसांविषयी, खुशाल बोलायचं. मराठी म्हणजे आपली कडी लावलेली खोली. साडेतीन महिन्यांत ती सवय मलाही लागली होती.

त्याच दिवशी दादाचा मुलगा नेपरव्हिलहून दोघांना दिवाळीसाठी न्यायला आला. सुनेने दहा दिवस रजा घेतली होती, तेवढी नॉर्माला सुट्टी. मी जायला नकार दिला. माझं विमान सात नोव्हेंबरला डेट्रॉइटहून होतं. तोवर एकटी राहीन म्हटलं. वहिनीने डाव्या हाताने माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "भांडलात?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "बरं केलंस." तिला किती कळलं होतं ते मला माहीत नाही.

गाडी गेल्यावर नॉर्मा म्हणाली, "मॅम शैला, माझ्याबरोबर चला. घर लहान आहे, भात पुष्कळ आहे."

मी पेटी भरली आणि डायरीत नवी यादी केली. पहिलं काम: नॉर्माला सांगणे.

पहिले दोन दिवस

नॉर्माची भाची जोसेलिन नर्स आहे, रात्रपाळीची. तिचा नवरा रोमेल मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात. त्यांची सहा वर्षांची मुलगी मिया आणि रोमेलची आई. तिला सगळे लोला म्हणतात, म्हणजे आजी. वय एकोणऐंशी, वजन चाळीस किलो, स्वयंपाकघराची मालकीण. ट्रॉयपासून वीस मिनिटांवर बुटक्या विटांच्या घरांची रांग आहे, त्यातलं त्यांचं एक. दारात चपलांचा ढीग. आत शिरल्याबरोबर मियाने माझा हात उचलून आपल्या कपाळाला लावला. हा त्यांचा नमस्कार. वाकायचं नाही, मोठ्यांचा हातच आपल्या डोक्याशी न्यायचा. दादाच्या नातवंडांनी साडेतीन महिन्यांत मला केलेला नमस्कार म्हणजे हाय.

"जेवलात?" लोलाने विचारलं. दुपारचे चार वाजले होते. उत्तराची वाट न बघता ताट आलं. त्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला, पोस्टमनलासुद्धा, हाच प्रश्न विचारतात. शुक्रवार म्हणून मूग होते. शुक्रवारी मूग हा त्यांचा नेम, वर कारल्याचा कोवळा पाला आणि सुकी कोळंबी. मी रत्नागिरीची. त्या वासाने मला घर आठवलं आणि लगेच दादाचा राग आला. त्याच्या घरात सुकी मासळी भाजायला बंदी आहे. नॉर्मा गॅरेजमध्ये, दार अर्धं उघडं ठेवून, कोट घालून भाजते. ज्याच्या आजोळच्या अंगणात सुके बांगडे वाळायचे, त्याला आता वास सोसत नाही.

न्हाणीघरात दांड्याचा प्लास्टिकचा मग होता, पाण्याने भरलेला. ताबो म्हणतात त्याला. साडेतीन महिने कागदावर काढल्यानंतर तो मग बघून मला जे वाटलं ते सभ्य लिखाणात येत नाही. जेवणाच्या टेबलामागे भिंतीवर हातभर लांबीचा लाकडी चमचा आणि तेवढाच काटा टांगलेला, शेजारी लाल झग्यातला बाळ येशू. बैठकीच्या मधोमध कंबरेएवढं खोकं. सहा महिने ते तिथे उघडं असतं. साबण, टूथपेस्ट, डबाबंद मांस, टॉवेल, चॉकलेट, जे जसं मिळेल तसं आत पडतं. भरलं की बोटीने गावी जातं. टीव्ही बघायचा तर खोक्याच्या डावीकडून किंवा उजवीकडून.

शनिवारी मी चूक केली. जोसेलिन सकाळी ड्यूटीवरून येऊन रात्रीची भांडी घासते हे मी पाहिलं, रोमेल गाडी धूत बसतो हेही पाहिलं. मी फूटपट्टी घेतली, तक्ता आखला, प्रत्येकाच्या नावापुढे कामं लिहिली आणि चुंबकाने फ्रिजला लावला. भांडारात असल्या तक्त्याने दोन तास वाचतात.

दुपारी घर गप्प झालं. लोला ताट घेऊन आपल्या खोलीत गेली. रोमेल नेहमीपेक्षा जास्त हसत होता. नॉर्मा म्हणाली, "फारच छान तक्ता, मॅम," आणि फ्रिजकडे पाठ करून उभी राहिली. संध्याकाळी जोसेलिनने मला मागच्या अंगणात बोलावलं.

"तीता," ती म्हणाली. तीता म्हणजे मावशी. "तुम्ही आमचं जेवलात आणि भिंतीवर लावलंत की आम्ही कामं करत नाही."

"तसं मी कुठे लिहिलंय?"

"लोलापुढे काय लिहिलंय? हलकी कामं. तिने सात मुलं वाढवलीत आणि रोमेलची फॅक्टरी बंद होती तेव्हा हे घर चालवलंय."

"मग मला तोंडावर सांगायचं होतं. चिडायचं होतं. ही गप्प बसण्याची कसली पद्धत?"

"तुमच्याकडे काय करतात?"

"भांडी आपटतात."

जोसेलिन हसली. "आमच्याकडे रुसलेला माणूस गप्प बसतो आणि ज्याने दुखावलं त्याची वाट बघतो. त्याने यायचं. बाजूला नेऊन नाही, चिठ्ठी लिहून नाही. जेवायला येऊन बसायचं, वाढून घ्यायचं आणि मग म्हणायचं."

"आणि तो आलाच नाही तर?"

"तर गप्पच. लोला तिच्या सख्ख्या बहिणीशी एकवीस वर्षं बोलली नाही. दर नाताळाला तिच्या नावाचं खोकं मात्र गेलं."

मी तक्ता काढला. रात्रीच्या जेवणाला लोलाच्या समोर बसले, भात वाढून घेतला आणि म्हटलं, "माझं चुकलं." लोलाने ओठ पुढे काढून माशाच्या ताटलीकडे दाखवलं. ते लोक बोटाने दाखवत नाहीत, ओठांनी दाखवतात. मी मासा घेतला. प्रकरण संपलं. एवढं सोपं होतं, आणि ते मला दुसऱ्याच दिवशी शिकवलेलं होतं. पुढे जे झालं त्याला माझ्याकडे सबब नाही.

रविवार, ३० ऑक्टोबर

सकाळी चर्च, दुपारी कुणाच्या तरी बाळाचा बाप्तिस्मा. बेसमेंटमध्ये साठेक माणसं, त्यातल्या निम्म्याअधिक नर्सा. भिंतीलगत जेवणाची रांग आणि कोपऱ्यात गाण्याचं मशीन. शब्द पडद्यावर येतात, गाणं संपलं की मशीन गुण देतं. रोमेलला अठ्ठ्याण्णव मिळाले. त्याने ते गाणं बायकोकडे बघत म्हटलं, कारण सकाळपासून ती त्याच्यावर रुसली होती. साठ माणसांसमोर त्याला काही वाटलं नाही. निघताना प्रत्येकाच्या हातात चांदीच्या कागदात बांधलेलं जेवण. नको म्हटलं की पुडी दुप्पट होते.

तिथल्या एका बाईने विचारलं, नॉर्मा कुणाकडे असते. मी म्हटलं, माझ्या भावाकडे. बाई लगेच म्हणाल्या, "हो हो, तुमचा भाऊ फार चांगला. तिचे पेपर केलेत त्याने." आजूबाजूच्या चार-पाच जणींनी माना हलवल्या. म्हणजे दादाचं नाव त्या बेसमेंटमध्ये देवमाणूस म्हणून चालत होतं.

मला सप्टेंबरातला आपला गणपती आठवला. शाळेच्या जिममधलं जेवण, रेशमी साड्या, आणि वहिनीच्या खुर्चीशी बसून तिला मोदक भरवणारी नॉर्मा. एक काकू तिच्या डोक्यावरून दादाला मराठीत म्हणाल्या, "तुमची फिलिपिनो काय गुणी आहे हो. आम्हालाही अशी एक मिळवून द्या ना." कुकर मिळवून द्या म्हणावं तसं. मीही हसले होते. ते हसणं मी विसरलेली नाही.

संध्याकाळी नॉर्मा बांगडे तळत होती, मी लसूण सोलत होते. बाप्तिस्म्याहून दमून आलेलं बाकी घर झोपलेलं. मी ठरवून बसले होते.

"नॉर्मा, तू दादाला त्या कागदाचं कधी विचारलंस का?"

"एकदा. सर म्हणाले, चालू आहे."

"परत?"

"परत विचारलं तर त्यांना वाटेल माझा विश्वास नाही. मला नवीन देशात त्यांनी छप्पर दिलं, मॅम. त्या माणसाला तेच तेच कसं विचारायचं?"

"विश्वास नको ठेवूस मग," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. चिमटा तेलावर धरून ती माझ्याकडे बघत राहिली. पाच सेकंद, दहा सेकंद. तिने गॅसही बारीक केला.

मी म्हटलं, "करपेल."

तिने मासा उलटला.

माझ्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं होतं ते लिहिते, कारण ते लिहिणार नसेन तर हे सगळं कशाला. माझ्या डोक्यात दादाचा प्रश्न होता: तू येऊन राहणार आहेस का? नॉर्मा सोडून गेली तर वहिनीला उचलायला कोण? मुलगा नेपरव्हिलला, सून नोकरीत. बहीण, म्हणजे मी, एकटी, बिनलग्नाची, पाच वर्षांत निवृत्त होणारी. भांडारात साठा संपायला आला की पुढची मागणी कुणाकडे जाणार हे मला आपोआप दिसतं. इथेही दिसलं.

मंगळवार, १ नोव्हेंबर

त्या दिवशी आपलं लक्ष्मीपूजन आणि त्यांचा मृतांचा दिवस एकत्र आले. गावी असती तर ही माणसं कबरस्तानात जेवण घेऊन गेली असती, दिवसभर बसली असती. इथे लोलाने टेबलावर फोटो मांडले: नवरा, दोन मुलगे, ती एकवीस वर्षं न बोललेली बहीण. प्रत्येकापुढे मेणबत्ती आणि वाटीत चिकट तांदळाचा गोड भात. नारळाचं दूध, काळा गूळ, वर घट्ट साय. मी चाखला आणि म्हटलं, हा तर आमचा नारळीभात, फक्त केशर-वेलदोडा नाही. लोलाने ऐकून घेतलं आणि म्हणाली की मग आमचा जास्त चांगला.

माझ्या पेटीत मातीच्या चार पणत्या होत्या, दादाच्या दारात लावायला आणलेल्या. त्या मी त्या फोटोंपुढे लावल्या. आपल्यात अशा दिवशी हे शुभ की अशुभ, मी विचार केला नाही.

संध्याकाळी सात वाजता नॉर्माने आईला फोन लावला. तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ. शेजाऱ्याच्या मोबाइलवर म्हातारी बोलत होती, आवाज साऱ्या खोलीत ऐकू येत होता. तिने काही विचारलं. नॉर्मा सावकाश, एकेक शब्द वेगळा करत काही बोलली. टेबलाशी सगळ्यांनी नॉर्माकडे पाहिलं. मियाने मान वर केली.

"काय म्हणाली?" मी जोसेलिनला विचारलं.

"म्हातारी दर वेळी विचारते, कागद आला की येशील ना. आते दर वेळी म्हणते, हो, आला की येते." आते म्हणजे थोरली बहीण, घरात सगळे नॉर्माला तेच म्हणतात. "आज म्हणाली, माझी वाट बघू नकोस."

"असं का म्हणाली?"

जोसेलिनने खांदे उडवले. "दिवसच तसा आहे, तीता."

मी तेच धरून चालले. सोयीचं होतं.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

खोकं बंद करायचा दिवस. माझ्या तक्त्याचा अपमान विसरून घराने मला यादीवर बसवलं, कारण आतल्या प्रत्येक वस्तूवर माणसाचं नाव लागतं आणि मागच्या वर्षी एका मामेभावाचे बूट दुसऱ्याला गेल्यामुळे दोन घरांत बोलणं बंद होतं. मी लिहीत गेले: बूट, सात नंबर, दान्ते. टॉवेल दोन, शाळेच्या बाई. चॉकलेट, सर्वांसाठी, पण वाटणार त्यांची गावची थोरली वहिनी. त्यांच्या खोक्याला आपल्याकडच्या आहेरासारखे मानपान आहेत, कुणाचं राहिलं तर जन्मभर निघतं. हे काम मला आवडलं. खरं सांगायचं तर त्या अकरा दिवसांत मी तेवढेच तीन तास रागावलेली नव्हते.

शेवटी नॉर्माने आपल्या पिशवीतून पातळ कागदात गुंडाळलेला पोशाख काढला. साय-रंगाचा, कॉलरला लेस, कधीच न घातलेला.

"हा कोणाचा?" मी पेन धरून विचारलं.

"आईचा. मी स्वतः नेऊन देणार म्हणून ठेवला होता. चार वर्षं झाली."

"मग आता खोक्यात का?"

"कपडा ठेवून ठेवून पिवळा पडतो, मॅम."

मी लिहिलं: पोशाख एक, आई. रोमेलने चिकटपट्टी लावली. तो आवाज, खर्रकन, तीनदा.

मी तेव्हाही सांगू शकले असते. नॉर्मा माझ्यासमोर जमिनीवर बसली होती, घाई नव्हती, लोला मागे झोपली होती. मी यादी तपासली, बेरीज बरोबर आली, आणि मी उठले.

सोमवार, ७ नोव्हेंबर

दुपारी दीडला विमानतळाला निघायचं होतं. साडेबाराला जेवायला बसलो. सगळे होते, जोसेलिनने झोप सोडली होती. लोलाने माझ्यासाठी कारल्याचा पाला घालून मूग केले होते, सोमवार असून. मी आदल्या संध्याकाळी ठरवलं होतं की जेवताना सांगायचं. पद्धत मला ठाऊक होती. येऊन बसायचं, वाढून घ्यायचं, म्हणायचं. मी बसले. वाढून घेतलं. टेबलावरचं बोलणं एका क्षणी थांबलं, आणि नॉर्माने चमचा खाली ठेवला.

रोमेल घड्याळ बघून म्हणाला, "तीता, रस्त्यावर काम चालू आहे, आत्ताच निघालेलं बरं."

मी उठले. त्याला दोष देत नाही. मी त्या वाक्याची वाटच बघत होते.

माझं ताट अर्धं होतं. मी उठताच टेबलावरच्या साऱ्यांनी आपापली ताटली धरून जागच्या जागी एक फेरा फिरवली. जेवता जेवता कोणी प्रवासाला उठला तर मागे राहिलेले ताटल्या फिरवतात, म्हणजे वाटेत त्याला काही होत नाही. नॉर्मानेही फिरवली. मग हात पुसून माझ्याबरोबर गाडीपर्यंत आली आणि चांदीच्या कागदाची पुडी माझ्या मांडीवर ठेवली.

मी इंग्रजीत म्हटलं, "नॉर्मा, घरी पोचले की तुला पत्र लिहीन. दादाविषयी एक गोष्ट सांगायची आहे. नक्की लिहीन."

ती मराठीत म्हणाली, "बघू."

गाडी निघाली. 

नॉर्माला मराठी शब्द येतात हे मला माहीत होतं. पाणी, दुखतंय का, झोपा आता, तोंड उघडा. वहिनीसाठी शिकलेले वीसेक शब्द, असं मी धरलं होतं. पण ज्या बाईला साडेचार वर्षं एका मराठीशिवाय दुसरं काही बोलता येत नाही, तिच्याबरोबर चोवीस तास राहणाऱ्या माणसाला वीसच शब्द कसे येतील? आणि 'बघू' वहिनी म्हणत नाही. तो शब्द त्या घरात एकट्या दादाचा.

२८ तारखेच्या हजेरीत मी तीन नावं लिहिली. चार होती. चौथी चहा घेऊन आली होती, आणि स्वयंपाकघरात परत जाऊन उभी होती. सही, लिफाफा, दोन महिन्यांत हॉस्पिटलात लागली असती, हे सगळं तिने तिथे ऐकलं. आणि त्याच दुपारी तिने मला आपल्या घरी नेलं. जेवायला बसवलं. अकरा दिवस रोज वाढलं. गॅस बारीक करून थांबली. चमचा खाली ठेवून थांबली. आईला फोनवर सांगून टाकलं, पोशाख खोक्यात घातला, आणि आमच्या घरातलं कोणीतरी टेबलाशी बसून म्हणेल याची शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहिली. मी दर वेळी उठले.

रत्नागिरी

हे मार्चमध्ये लिहिते आहे. नॉर्मा अजून ट्रॉयलाच आहे. कुणासाठी राहिली आहे ते मला विचारायचं तोंड नाही. वहिनीसाठी असावी. डिसेंबरात फोन केला तो तिनेच उचलला. "वहिनी बऱ्या आहेत. तुम्ही जेवलात?" हे मराठीत, आता लपवण्यासारखं काही नाही अशा आवाजात. मी म्हटलं, जेवले. तिने फोन दादाकडे दिला. मी दादाला म्हटलं, तिला सगळं माहीत आहे, आज तिच्यासमोर जेवायला बस आणि सांग. सहा वर्षं ती तुझ्या घरात उभ्याने जेवते आहे, निदान एकदा बसव. दादा म्हणाला, बघू.

त्याच्यावर मला राग आहे आणि तो जाणार नाही. पण त्याने साडेचार वर्षं एक लिफाफा खणात ठेवला, याचा निकाल देणाऱ्या बाईच्या कपाटात गेले तीन महिने एक लिफाफा आहे. आत तीन पानं. जे ऐकलंस ते खरं आहे, मी हसले होते, मी दर वेळी उठले, तुला आईकडे जायचं असेल तर जा, वहिनीचं आम्ही भावंडं बघू. 'बघू' खोडून 'करू' केलं, मग ते पान परत लिहिलं. चिठ्ठी चालत नाही, येऊन बसावं लागतं, हे मला शिकवलेलं आहे. पण मी इथून जेवायला जाऊ शकत नाही, आणि न लिहिण्यापेक्षा लिहिलेलं बरं. पत्ता जोसेलिनच्या घरचा घातला आहे. तिकिटं लावली आहेत. वजन दोनदा केलं आहे.

'वहिनीचं आम्ही करू' यातली 'आम्ही' म्हणजे मी. म्हणून तो कपाटात आहे. दुसरं काही कारण नाही.

आजची यादी: गॅसची टाकी, झाली. लाईटबिल, झालं. पांघरुणं उन्हात, घातली. वरच्या बाईंची सांडशी परत, केली. नॉर्माचं पत्र पोस्टात टाकणे.

आज शनिवार. पोस्ट एक वाजता बंद होतं. साडेबारा झाले आहेत, आणि चालत दहा मिनिटं लागतात.